रातपाळीची वाट आणि रस्त्यावरचा दिवा



ह्या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस निमंत्रण दिले, तेव्हा प्रथम संकोच वाटला. ह्या व्यासपीठावरून पंडितांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी खाली सतरंजीवर बसून ऐकावे, असा आजवरचा रिवाज. आमची शाळा सातवीत सुटली. 1982 च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, घरची मिळकत थांबली आणि वह्या-पुस्तकांच्या जागी हातात चहाची किटली आली. पुढे जे काही शिक्षण झाले ते मोफत वाचनालयात, संघटनेच्या कचेरीत आणि कामगार न्यायालयाच्या बाकांवर. तेव्हा इतिहास सांगण्याचा आमचा अधिकार पदवीचा नाही. ज्या वाटांनी आम्ही इतकी वर्षे रात्री-अपरात्री चाललो, त्या वाटांनीच तो आम्हांस दिला आहे.

आजचा विषय अगदी साधा आहे. रस्त्यावरचा दिवा. आपण सारे उजेड असताना येथे आलात. व्याख्यान संपल्यावर काळोखातून घरी जाल. वाटेतला दिवा लागलेला असेल तर आपले त्याच्याकडे लक्षही जाणार नाही. तो विझलेला असेल तरच तो आठवेल. ज्या गोष्टी गेल्याशिवाय आठवत नाहीत त्यांचा इतिहास बहुधा लिहिला जात नाही. तो लिहिला गेला पाहिजे, असे आम्हांस वाटते. कारण दिवा कोठे लागला, केव्हा लागला, ह्याहून मोठा प्रश्न असा की, तो कोणासाठी लागला?

पूर्वी रात्र ही घरात बसण्याची वेळ होती. ज्याला बाहेर पडणे भागच असे तो आपला उजेड आपणच घेऊन निघे. सरदार-सावकारापुढे दिवट्या घेतलेले सेवक चालत. गरिबाच्या हातात फार तर एक कंदील किंवा पेटते चुडते असे. रस्त्याला स्वतःचा उजेड असावा, तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा असावा, ही कल्पना नवी आहे. आणि ती निघाली तीही पादचाऱ्याच्या कळवळ्याने नव्हे. पॅरिस शहरात 1667 साली रस्त्यांवर मेणबत्त्यांचे कंदील टांगले गेले, ते तेथील पहिला पोलीस-प्रमुख ला रेनी ह्याच्या आज्ञेने. रात्री कोण कोठे जातो हे राजसत्तेला दिसावे, हा त्यातला हेतू. म्हणूनच 1830 च्या क्रांतीत पॅरिसच्या लोकांनी आधी दिवे फोडले. ज्या दिव्याचा उपयोग आपल्यावर नजर ठेवण्यासाठी होतो, तो आपला दिवा, असे त्यांना वाटेना.

त्यानंतर आला गॅसचा दिवा. दगडी कोळशापासून निघणारा वायू नळांतून नेऊन जाळायचा, ही युक्ती विल्यम मर्डॉक ह्या यंत्रज्ञाने इंग्लंडात कामास लावली. लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावर 1807 साली गॅसचे दिवे लागले, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. पण त्याच्या आधी, 1805-06 च्या सुमारास, हाच दिवा सॅल्फर्ड येथील फिलिप्स आणि ली ह्यांच्या कापसाच्या गिरणीत लागला होता, हे फारसे कोणी सांगत नाही. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ तसेच बसून राहिलो. रस्ता उजळण्याच्या आधी चाते उजळले. माणूस घरी कसा जाईल ह्याची चिंता नंतर. तो सूर्य मावळल्यावर किती वेळ कामावर राहील ह्याचा हिशेब आधी. पुढच्या दोनशे वर्षांची कथा ह्या एका घटनेत आहे.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. अर्देशीर कर्सेटजी वाडिया ह्या जहाजबांधणीच्या घराण्यातील कर्त्या पुरुषाने 1834 साली माझगाव येथील आपल्या बंगल्यात गॅसचे दिवे लावले होते. पण तो एका घराचा उजेड. रस्त्यांवर तेलाचे मिणमिणते दिवे होते तेवढेच. सार्वजनिक रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते 1865 साली: भेंडीबाजार, एस्प्लनेड रोड आणि चर्चगेट स्ट्रीट ह्या तीन रस्त्यांवर. दिवे लावणारा माणूस खांबामागून खांब पेटवीत चालला, तसा बघ्यांचा जमाव त्याच्या मागोमाग चालला, असे वर्णन आढळते. तो गॅस ज्या कारखान्यात तयार होई तो लालबागेत. लालबागची गॅस कंपनी लेन आमच्या पिढीच्या तोंडी होती, पण ते नाव पडले कशावरून, हे विचारण्याचे आम्हांला पोरवयात कधी सुचले नाही. कोळसा जळे लालबागेत, आणि पहिला उजेड पडे तो कोटाच्या परिसरात व मोठ्या बाजारात.

त्या काळच्या अनेक नगरपालिकांचा एक नियम असा की, चांदण्या रात्री दिवे लावायचे नाहीत, तेल वाचवायचे. आज आपल्याला हसू येते. पण त्या नियमात थोडे तथ्य होते. रस्त्यावर बैलगाडी आणि घोडागाडी होती, माणसाच्या चालीने किंवा थोड्या अधिक वेगाने चालणारी. काळोखाचे भय होते ते खड्ड्याचे, विंचू-सापाचे आणि चोराचे. त्याला चांदणे पुरे पडे. ज्या भयाने आज माणसे मरतात, ते भय अजून जन्माला यावयाचे होते.

दरम्यान मुंबईत गिरण्या उभ्या राहत होत्या. कावसजी दावर ह्यांनी 1854 साली पहिल्या गिरणीची कंपनी काढली. पुढच्या तीस वर्षांत लालबाग-परळ भागाला धुराड्यांनी घेरले. तेव्हा गिरणीचे घड्याळ म्हणजे सूर्य. उजाडले की भोंगा, मावळले की सुटका. हिवाळ्यात काम थोडे कमी, उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. 1884 च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी परळ येथे कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांनिशी मागण्या पुढे ठेवल्या. आठवड्याची एक सुटी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, जखमी कामगारास साह्य, ह्या मागण्यांची आठवण आपण ठेवली आहे; रविवारची सुटी 1890 साली मिळाली हेही आपण सांगतो. पण त्याच यादीत आणखी एक मागणी होती: काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. ही मागणी आपण विसरलो. आम्हांस मात्र ती त्या यादीतील सर्वांत दूरदृष्टीची वाटते. उजेड असेपर्यंत काम आणि उजेड असतानाच घरची वाट, एवढेच त्या माणसांचे मागणे होते.

ते मागणे टिकले नाही, कारण विजेचा दिवा आला. मुंबईत तो प्रथम 1882 साली क्रॉफर्ड मार्केटात दिसला. तो लावणारी कंपनी लवकरच बुडाली. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे पसरले, आणि सूर्याचे घड्याळ बंद पडले. चौदा-पंधरा तास काम होऊ लागले. 1905 साली ह्या वाढत्या तासांविरुद्ध गिरणगावात असंतोष उफाळला. त्यावर सरकारला चौकशी-समित्या नेमाव्या लागल्या आणि अखेर 1911 च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांचे काम बारा तासांवर आणले. पुढे 1922 साली अकरा, 1934 च्या कायद्याने दहा, आणि 1948 च्या कारखाना कायद्याने आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास. तासांची लढाई आपण लढलो आणि पुष्कळ अंशी जिंकलो. परंतु एक गोष्ट ह्या कायद्यांत कोठेच आली नाही. काम आठ तासांचे झाले, पण ते चोवीस तासांपैकी कोणतेही आठ तास असू शकत होते. त्यातून पाळ्या निघाल्या. दुसरी पाळी मध्यरात्री सुटू लागली, रातपाळी मध्यरात्री भरू लागली. गिरणीच्या दारापर्यंत कायदा होता. दाराबाहेर रस्ता होता, आणि त्या रस्त्याबद्दल कायदा मुका होता.

ही वीज कोठून आली, हेही येथे सांगितले पाहिजे. सह्याद्रीवरचा पाऊस अडवून टाटांनी 1915 साली खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविली. पुढे मुळशीच्या धरणासाठी मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या. 1921 पासून सेनापती बापटांनी तेथे सत्याग्रह केला तो इतिहास आपण जाणता. तात्पर्य असे की, उजेडासाठी जमीन दिली शेतकऱ्याने, उजेडात राबला कामगार, आणि दोघांच्याही वाटेला काळोख बराच काळ राहिला.

आता मोटारीकडे वळू. मोटारीने पायी चालणारा माणूस मारला गेल्याची इंग्लंडातील पहिली नोंद 1896 सालची. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल नावाची बाई त्या अपघातात गेली. मुंबईत 1907 साली विजेची ट्राम धावू लागली, आणि मोटारीही त्याच सुमारास वाढत गेल्या. येथून काळोखाचा अर्थ बदलला. मोटारीला स्वतःचा दिवा असतो. त्यामुळे एक गैरसमज रूढ झाला, तो आजही मोठमोठ्या अधिकाऱ्यांच्या तोंडून आम्ही ऐकतो: गाडीला दिवा आहे, मग रस्त्याला कशाला?

ह्याचे उत्तर साध्या गणितात आहे. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दर सेकंदाला सोळा-सतरा मीटर पुढे सरकते. समोर माणूस आहे हे चालकाच्या ध्यानात येऊन त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तरी पंचवीस मीटर गेले. पुढे गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. म्हणजे एकंदर पंचेचाळीस ते पन्नास मीटर. आणि खाली झुकविलेल्या दिव्यात गडद कपड्यांतला माणूस पुष्कळदा तीस-चाळीस मीटरच्या आत आल्याशिवाय दिसत नाही. म्हणजे चालक दारू प्यालेला नसताना, झोपेत नसताना, नियमाने गाडी चालवीत असतानाही तो माणूस वाचत नाही. पादचाऱ्याला मात्र वाटते, मला गाडीचे दिवे लांबून दिसतात, त्या अर्थी गाडीवाल्यालाही मी दिसत असेन. ह्या एका समजुतीने किती जीव घेतले असतील ह्याची गणती नाही.

रस्त्यावरचा दिवा काय करतो? तो मुख्यतः माणसावर उजेड पाडीत नाही, तो रस्त्याच्या पृष्ठभागावर पाडतो. रस्ता उजळला की त्यावर उभा असलेला माणूस पांढऱ्या भिंतीसमोरच्या सावलीसारखा लांबूनच उठून दिसतो. म्हणून दिवे सलग हवेत. एका खांबाखाली लख्ख आणि पुढचे तीन खांब विझलेले, अशी स्थिती काही वेळा संपूर्ण काळोखाहून वाईट. कारण लख्ख उजेडातून अंधारात गेलेल्या डोळ्याला स्थिरावायला वेळ लागतो. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. ह्या सभेत आमच्या वयाची पुष्कळ मंडळी आहेत. त्यांना हे पटवून द्यावे लागणार नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, हे सारे तर्क झाले, पुरावा काय? पुरावा इतिहासाने दिला आहे आणि तो फार मोठ्या किमतीचा आहे. 1939 च्या 1 सप्टेंबरला इंग्लंडात ब्लॅकआऊट सुरू झाला. शत्रूच्या विमानांना शहरे दिसू नयेत म्हणून देशभरचे रस्त्यावरचे दिवे एकदम विझविण्यात आले, मोटारींचे दिवे झाकण्यात आले. 1938 च्या सप्टेंबरात ब्रिटनमध्ये रस्त्यांवर 544 माणसे मृत्यू पावली होती. 1939 च्या सप्टेंबरात 1,130 मेली. दुपटीहून अधिक! त्याच महिन्यात पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले होते, म्हणजे रस्त्यावर गाड्या कमी होत चालल्या होत्या. बाँब अजून शहरांवर पडू लागले नव्हते. मग सरकारने फूटपाथच्या कडा आणि झाडांचे बुंधे पांढरे रंगविले, लोकांना पांढरे काहीतरी अंगावर घालायला सांगितले आणि 1940 च्या आरंभी वस्तीच्या भागात रात्रीसाठी ताशी वीस मैलांची मर्यादा घातली. तरीही 1941 साली रस्त्यांवर 9,169 माणसे गेली. तो आकडा त्या देशाच्या इतिहासातील सर्वांत मोठा ठरला. पुढे गाड्या कितीतरी पटींनी वाढूनही तो कधी गाठला गेला नाही.

ह्या अनुभवातून आम्ही दोन गोष्टी शिकलो. एक, रस्त्यावरचा दिवा ही शोभेची वस्तू नव्हे. तो विझला की माणसे मरतात. दुसरी, दिवा नसेल तर वेग उतरविला पाहिजे. उजेड आणि वेग ह्यांची सांगड तोडता येत नाही. ज्यांनी ब्लॅकआऊट पुकारला त्यांना निदान युद्धाचे कारण होते. आपल्याकडच्या रस्त्यांवर कसले युद्ध चालले आहे?

आमच्या लहानपणचा लालबाग आम्हांस आठवतो. वडील दुसऱ्या पाळीला असत. मध्यरात्री भोंगा झाला की गिरणीच्या दारातून माणसांचा लोंढा बाहेर पडे आणि साऱ्या रस्त्यावर पसरे. पानवाला उघडा, चहावाला उघडा, चाळीच्या ओट्यावर कोणी ना कोणी बसलेले. मोटार आली तर तीच थांबे. गिरणी आणि चाळ ह्यांत दहा-पंधरा मिनिटांची वाट, आणि त्या वाटेवर म्युनिसिपालटीचे दिवे. आम्ही त्या काळाचे गोडवे गात नाही. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही किती जण राहत होतो ते आम्हांला ठाऊक आहे. पण कामाची जागा आणि घर ह्यांच्यामधला रस्ता हा त्या वेळी माणसांचा रस्ता होता.

संपानंतर गिरण्या एकेक बंद पडत गेल्या. काम शहराबाहेर गेले: महामार्गांच्या कडेला, नव्या औद्योगिक वसाहतींत, मालाच्या प्रचंड गोदामांत. पाळ्या तशाच राहिल्या, वाट मात्र बदलली. आता बस महामार्गावर सोडते. तेथून कारखान्याच्या दारापर्यंत दीड-दोन किलोमीटर चालायचे. फूटपाथ नाही. कडेला गवत, गटार आणि उभे केलेले ट्रक. कारखान्याच्या फाटकावर मात्र असा झोत की डोळे दिपावेत, कारण तेथे माल आहे.

अशाच एका वाटेवर आमच्या संघटनेचा एक सभासद गेला. नाव-गाव सांगण्याचे प्रयोजन नाही. दुसरी पाळी संपवून तो बसथांब्याकडे चालला होता. अंगावर कारखान्याचाच गणवेश होता, गर्द निळा. मालाची गाडी आली. चालकाने पोलिसांना सांगितले की, मला माणूस दिसलाच नाही. आम्ही त्या चालकाला शिव्या देण्याच्या तयारीने पोलीस चौकीत गेलो होतो. दुसऱ्या रात्री त्याच वेळी, त्याच वाटेने आम्ही चौघे चाललो. तीन खांबांत जेमतेम एक दिवा पेटत होता. आमच्यातला एक जण निळा सदरा घालून पुढे गेला आणि पन्नास पावलांवर तो आम्हांला दिसेनासा झाला. चालक खोटे बोलत नव्हता, हे त्या रात्री आम्हांस मान्य करावे लागले, आणि ते मान्य करणे शिव्या देण्याहून कठीण गेले.

मग दिवे कोणाचे ह्याचा शोध सुरू झाला. एका कचेरीने सांगितले, खांब आमचे पण वीजबिल दुसऱ्यांचे. दुसरीने सांगितले, तो रस्ता आमच्याकडे हस्तांतरित झालेला नाही. तिसरीने सांगितले, अर्ज द्या. अर्ज आम्ही आधीच दोनदा दिला होता. त्याच्या पोचपावत्या खिशात होत्या. आणि त्याच्या बायकोने भरपाईचा विषय काढला तेव्हा तिला सांगण्यात आले की, कार्ड पंच करून तो फाटकाबाहेर पडला, तेथे त्याची नोकरी संपली. दाव्याची तारीख पडत राहिली. दरम्यान त्याची थोरली मुलगी शाळा सोडून कामाला लागली होती.

नोकरी फाटकावर संपते काय, हा प्रश्न न्यायालयांपुढे जुना आहे. सौराष्ट्रातील एका मिठागराचे कामगार कामावरून परतताना खाडीत होडी उलटून बुडाले. 1958 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ती वाट नोकरीच्या कक्षेत येत नाही. पुढे 1963 साली बेस्टच्या एका बसचालकाच्या विधवेच्या दाव्यात निकाल निराळा लागला. काम संपवून तो आपल्या उपक्रमाच्याच दुसऱ्या बसने घरी चालला होता, वाटेत अपघात झाला. तो नोकरीच्याच ओघात झाला, असे बहुमताने ठरले. 2010 साली राज्य विमा कायद्यात दुरुस्ती होऊन घर आणि कामाची जागा ह्यांमधील प्रवासातल्या अपघातास, संबंध सिद्ध झाल्यास, कामावरील अपघात मानण्याची तरतूद आली. आणि 2025 च्या जुलैत आपल्या मराठवाड्यातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व जुन्या भरपाई कायद्यालाही लावले. साखर कारखान्याचा तो पहारेकरी होता. पहाटे तीनच्या पाळीसाठी 2003 साली घरून निघालेला, कारखाना पाच किलोमीटरवर राहिला असता वाटेत गेला. न्याय मिळायला बावीस वर्षे लागली. पण त्यातून एक गोष्ट कायद्याच्या भाषेत ठरली: रातपाळीची वाट हा रातपाळीचाच भाग आहे.

हे जर खरे, तर त्या वाटेवरचा दिवा ही दयेची बाब राहत नाही. तसे पाहिले तर कायद्याने ती कधीच दयेची नव्हती. 1888 च्या मुंबई महानगरपालिका कायद्याच्या 61 व्या कलमात आणि इतर महानगरांसाठीच्या 1949 च्या कायद्याच्या 63 व्या कलमात सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती करणे हे पालिकेचे बंधनकारक कर्तव्य म्हणून सांगितले आहे. जमले तर करावे, असे म्हटलेले नाही. किती उजेड हवा ह्याचेही मान ठरलेले आहे. भारतीय मानक संस्थेने 1970 साली प्रमुख रस्त्यांसाठी सरासरी तीस लक्स आणि लहानांत लहान रस्त्यांसाठी चार लक्स असे प्रमाण घालून दिले. एक मेणबत्ती एक मीटर अंतरावर जेवढा उजेड देते तो साधारण एक लक्स; पौर्णिमेचे टिपूर चांदणे पाव लक्सच्या आसपास. 2015 पासून देशभर जुने दिवे काढून एक कोटीहून अधिक नवे एलईडी दिवे बसविले गेले. कमी विजेत अधिक उजेड मिळाला, ही समाधानाची गोष्ट. पण दिवा बसविणे हा समारंभ आहे आणि दिवा पेटता ठेवणे हे काम आहे. आपल्या देशात समारंभाला अध्यक्ष मिळतात. कामाला माणूस मिळत नाही.

किती माणसांचा हा प्रश्न आहे? केंद्र सरकारच्याच अहवालाप्रमाणे 2022 साली भारतात रस्ते-अपघातांत 1,68,491 माणसे मरण पावली. त्यांपैकी 32,825 पायी चालणारी होती. म्हणजे दररोज सरासरी नव्वद. त्यांना ना विम्याचे कागद, ना गाडीचा नंबर. आणि दिवसाच्या आठ भागांपैकी सर्वांत अधिक अपघात, सुमारे एक पंचमांश, होतात ते सायंकाळी सहा ते नऊ ह्या तीन तासांत. जेव्हा दिवस मावळतो, कारखाने-कचेऱ्या सुटतात आणि दिवे लागायचे असतात किंवा लागत नाहीत.

कोणी म्हणतात, पादचारी बेशिस्त आहेत. असतील. पण चालायला फूटपाथ नाही, ओलांडायला पट्टे नाहीत, पट्टे आहेत तेथे दिवा नाही. ज्याला शिस्त पाळण्याची जागाच दिली नाही त्याला बेशिस्त म्हणणे सोपे असते. मोकळे फूटपाथ मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2025 च्या मे महिन्यात सांगितले आहे. दुसरे कोणी म्हणतात, दिवे लावले की गाड्या अधिकच वेगाने जातात. हा आक्षेप आम्ही मानतो. म्हणूनच केवळ दिवा मागून भागणार नाही. दिव्याबरोबर वेगाला आवर आणि माणसाला कडेची स्वतंत्र वाट, ही तिन्ही एकत्र मागितली पाहिजेत.

आणि ही मागणी कोणी करावयाची? आमच्या चळवळीने आजवर पगार, महागाई भत्ता, बोनस, रजा ह्यांच्यासाठी मागणीपत्रके लिहिली. फाटकाबाहेरचा रस्ता आम्ही आमचा विषय मानला नाही. ही आमचीही चूक आहे आणि ती आम्ही येथे जाहीरपणे पदरात घेतो. त्या सभासदाच्या मृत्यूनंतर आम्ही मागणीपत्रकात चार ओळी घातल्या: गणवेशाच्या पाठीवर व बाह्यांवर उजेड परतविणारी पट्टी, पाळी सुटते त्या वेळी थांब्यापर्यंत गाडी, थांब्याजवळच्या ओलांडणीवर दिवा, तोही असा की येणाऱ्या गाडीच्या बाजूने माणसावर उजेड पडेल, आणि दर महिन्याला कामगार व व्यवस्थापन ह्यांनी मिळून त्या वाटेने रात्री चालून विझलेले दिवे लिहून काढायचे. पहिली मागणी तीन महिन्यांत मान्य झाली. गाडी मिळाली ती वर्षाने. दिवा लागला त्याला त्याहून अधिक काळ गेला. चौथी मागणी सर्वांत स्वस्त, आणि तिलाच सर्वांत अधिक विरोध झाला. रात्री त्या वाटेने चालावयाला साहेब मंडळी तयार होईनात. एकदा आले, त्यानंतर अर्जांची भाषा बदलली.

1884 साली लोखंड्यांच्या सभेत जमलेल्या माणसांनी सूर्यास्ताला सुटी मागितली होती. ती त्यांना मिळाली नाही, आणि आता ती मागण्यात अर्थही नाही. इस्पितळे, रेल्वे, वीजकेंद्रे, पाणीपुरवठा रात्री चाललेच पाहिजेत. आता तर स्त्रियांनाही रातपाळीची दारे उघडली आहेत. समाजाला रात्र हवी असेल तर त्याने ती खुशाल घ्यावी. पण ज्याने सूर्यास्ताची सुटी काढून घेतली, त्याने घरच्या वाटेपुरता सूर्य परत द्यावा, एवढे तर न्यायाचे आहे.

आज घरी जाताना आपल्या वाटेवरचे खांब मोजा, अशी आमची आपणांस विनंती आहे. विझलेले किती ते लिहून ठेवा आणि खांबावरचा क्रमांक घालून उद्या सकाळी अर्ज द्या. पोचपावती घ्यायला विसरू नका.